बादलीत विरघळलेला खडक

तुम्ही ज्या दगडाच्या भरवशावर निर्धास्त झोपता, तो कशाचा बनलाय हे कधी कुणाला विचारलंत?

आम्हीही विचारलं नव्हतं. धायरीत आमच्या चार बिऱ्हाडांच्या चाळीमागची टेकडी घरमालकाने बिल्डरला दिली. बिल्डरने ती पार्किंगसाठी उभी कापली. आतून पांढरे, सुईसारखे स्फटिक निघाले. सगळ्यांनी ते देवघरात ठेवले, आईनेही एक ठेवला. घरमालक काका म्हणाले, "गारगोट्या निघाल्यात, म्हंजे दगड पक्का हाय. हलायचा नाय."

मी कॉलेजात भूशास्त्र शिकत होते. बाईंनी काळ्या बेसॉल्टचा तुकडा आणि भिंग हातात दिलं होतं. लाव्हा थंड होताना फेल्डस्पार, पायरॉक्सीन अशा खनिजांचे बारीक कण एकमेकांत घट्ट अडकतात आणि खडक तयार होतो. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे मात्र पोकळ्या सोडून जातात. मागाहून त्यांत पाणी झिरपतं, आणि पाण्यात विरघळलेली द्रव्यं साठून तिथे स्फटिक वाढतात. काका जिला बळकटीची खूण समजत होते, ती पाण्याने खडकातून काढलेली वाट होती.

घरी येऊन मी टेकडीचा काप नीट पाहिला. काळ्या खडकाखाली हातभर लाल थर होता. एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर माती तयार झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. त्या थराचा मुठीएवढा खडा मी बादलीत टाकला. आईचे कपडे धुऊन होईपर्यंत बादलीत नुसता गाळ उरला. वरची सगळी टेकडी त्या थरावर उभी, आणि दहा पावलांवर आई भाकऱ्या थापत होती.

साइटवरच्या सुपरवायझरला बादली दाखवली.

"अहो मॅडम, चिखल आमच्याकडेही आहे. ट्रकभर पाठवू का?"

संरक्षक भिंत बांधून घ्यावी म्हणून मी अर्ज लिहिला. शेजारच्या काकूंनी तो दोनदा वाचला आणि परत दिला. "बाळा, मालक खोली खाली करायला लावेल. मग जाऊ कुठे, सांग." सही फक्त आईने आणि मी केली. महापालिकेच्या ऑफिसातल्या साहेबांनी दोनच सह्या पाहून कागद हातातही घेतला नाही. "एका घराची तक्रार? मग ते तुमचं खासगी भांडण."

परवा लाल थर ओला दिसला. बोट लावलं, तर पेरभर आत गेलं.

टेकडीच्या आडोशाला राहणाऱ्या प्रत्येकाला सांगते, शेजारी असा अर्ज घेऊन दारात आला तर त्याला चहा नको, धीर नको. सही द्या.