नायिकेचं रडणं

आमच्या मुठा खोऱ्यात जत्रेच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. माझा आवाज बारीक, दाढीही विरळ. त्यामुळे नायिका कायमची माझ्या गळ्यात पडली होती. लुगडं मात्र बायको नेसवायची. निऱ्या खोचताना ती इतकी हसायची की मला राग यायचा.

त्या माघात ती तापानं गेली. मी रडायला लागलो तर आईनं मला पडवीत ओढून नेलं. "बाप्या मानसानं असं रडू न्हाई. पोरगी घाबरंल," म्हणाली. आमची पोरगी अजून नीट बोलतही नव्हती. मी गप्प झालो तो झालोच. तेराव्यालाही डोळे कोरडे. लोक म्हणाले, लई धीराचा गडी. चुलीत गेला तो धीर!

चैत्रात नाटक मंडळी दारात आली. नाटक प्रेमाचं होतं. शेवटी नायक मरतो, त्याच्या प्रेतावर पडून नायिका विलाप करते आणि विष घेते. मला ते नकोच होतं. पण जत्रा तोंडावर, पडदे पुण्याहून आलेले, दुसरी नायिका आणायची कुठून? हो म्हणालो. लुगडं वहिनीनं नेसवलं, मान खाली घालून.

शेवटच्या प्रवेशात नायक पडला. तो माझा लहानपणापासूनचा सोबती, शेजारच्याच घरातला. त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी नुसता हंबरडा फोडला. मग मागून एक शिट्टी आली आणि सगळी जत्रा ओरडायला लागली, "वन्स मोअर!"

वन्स मोअर मिळाला की आमच्याकडे नाही म्हणायची रीत नव्हती. मेलेला नायकसुद्धा उठून पुन्हा मरायचा. मला त्या लोकांचा असा संताप आला, वाटलं लुगडं फेडून घरी निघून जावं.

नायक उठला, पुन्हा झोकांडी खाऊन पडला. मी त्याच्यावर वाकलो. ओठ न हलवता तो पुटपुटला, "घे रडून, गड्या. घरी कोन रडू देनार हाय तुला? मी पडून ऱ्हातो."

लोक मागत राहिले, आणि तो माझ्यासाठी पुन्हा पुन्हा मरत राहिला.