विहिरीवरच्या बांगड्या

बेळगावात सिनेमाचे शौकीन पुष्कळ असतील, पण उभ्या आयुष्यात एकच सिनेमा ऐकत राहिलेला माणूस माझ्या चुलत सासऱ्यांखेरीज दुसरा नसावा. ऐकत, असंच म्हणायला हवं, कारण सिनेमा लावला की आप्पा डोळे मिटून घेतात. वडगावात त्यांचं घर आणि घरातच चार माग. माग सुरू असले की त्या घरात 'चहा घेता का' हेसुद्धा भांडल्यासारखं विचारतात. म्हणून सिनेमा फक्त अमावास्येला, माग बंद असताना. अमावास्येला प्रवास करू नये म्हणतात, पण आप्पांचा निरोप आला की मी मुकाट्यानं निपाणीहून निघतो.

सिनेमा जुना, काळापांढरा. लग्न झाल्यावर आप्पा आणि काकी जोडीनं पहिल्यांदा बघायला गेले होते तो. त्याच्या तीन आवृत्त्या घरात आहेत. खडेबाजारातून घेतलेल्या व्हीसीडीत नायक बोलतो तेव्हा मागं कुणीतरी सतत भजी तळत असतं. डीव्हीडीत भजी बंद झाली, पण नायिकेचे ओठ आधी हलतात आणि शब्द सावकाश मागून येतात. तिसरी, धुऊनपुसून नवी केलेली ब्लू-रे, मीच आणून दिली. तिच्यात बैलगाडी डावीकडून येते आणि आपल्या पाठीमागून निघून जाते. पहिल्यांदा ती गेली तेव्हा आप्पांनी पाय वर घेतले होते.

माणसांची पारखही ते ह्यावरूनच करतात. धाकट्या लेकीला बघायला एक इंजिनिअर आला. पत्रिका जुळली होती, पोहे झाले होते. आप्पांनी एवढंच विचारलं, की हा सिनेमा कुठल्या डिस्कवर ऐकलास? मुलगा म्हणाला, "मोबाईलवर, थोडा पुढं पळवून." स्थळ तिथंच मोडलं. काकी अजून हळहळतात, "पोरगं सोन्यासारखं हुतं वो, पर ह्यांच्या कानात बसलं न्हाय."

गेल्या अमावास्येला मी चपला काढण्याआधीच आप्पा म्हणाले, "जावई, घात झाला. नव्या डिस्कमधनं बांगड्या गेल्या की वो! कंपनीला फोन लावा."

सिनेमात नायिका विहिरीवर पाणी शेंदते, तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणतात. गाणं नाही, संवाद नाही, नुसती किणकिण. आप्पांच्या मते सगळा सिनेमा तेवढ्यासाठी काढलेला आहे. त्यांनी तो प्रसंग लावला. बांगड्या स्वच्छ वाजल्या. मी काकींकडे पाहिलं, तर त्यांनी मला गप्प बसायची खूण केली.

"बघा, पार खरवडून काढल्यात," आप्पा म्हणाले, आणि पुरावा म्हणून त्यांनी व्हीसीडी लावली. भजी तळण्याच्या आवाजातूनही बांगड्या वाजल्या. आप्पा वाट पाहत राहिले. मग डीव्हीडी लावली. तिच्यातही वाजल्या. आप्पा वाटच पाहत राहिले.

"हितंबी न्हाईत," ते हळूच म्हणाले. त्या घरात कुणी हळू बोललेलं मी प्रथमच ऐकलं.

सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. बारीक आवाज आधी जातात, हे कळायला डॉक्टर लागत नाही. मला फार वाईट वाटलं. ह्या माणसाला दुसरा छंद नव्हता, आणि ह्या छंदात त्या किणकिणीइतकं त्यांना काहीच आवडत नव्हतं.

"तुमास्नी येत्यात का ऐकायला?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा," मी म्हणालो.

त्यांना हसू आलं. "तुमच्या घरात माग न्हाय, जावई. तुमचं कान कशानं जातील?" त्यांनी पुन्हा नवी डिस्क घातली, प्रसंग लावला आणि डोळे मिटले. "वाजल्या की सांगा."

नायिका विहिरीवर वाकली. "आता," मी म्हणालो. तिनं दोर ओढला. "आता." घागर काठावर टेकली. "आता, दोनदा." दर वेळी आप्पांची मान हलत होती, अगदी ठेक्यात. काकी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

प्रसंग संपला. आप्पांनी डोळे उघडले.

"डिस्क बराबर हाय," ते म्हणाले. "कंपनीला फोन नगा लावू."