अठ्ठावन्न मिलिमीटर

दिगंबर साळवे यांनी भोसरीच्या कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं काढली. मोजमापाच्या बाबतीत हा माणूस घरच्यांनाही नकोसा व्हायचा. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः आरसा घासून आठ इंची दुर्बीण केली, न्यूटनच्या पद्धतीची, आखूड नळीची. विश्रांतवाडीतल्या गच्चीवरून अख्ख्या सोसायटीनं शनी पाहिला. अडचण झाली ती फक्त त्यांच्या बायकोची. आम्रपालीबाईंना एक डोळा मिटताच यायचा नाही. तळहातानं डावा डोळा झाकून त्या मिनिटभर बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, दोन डोळे असलेल्या माणसांसाठी काही करता आलं तर बघा."

म्हणून दिगंबररावांनी बायनोव्ह्यूअर मागवला. एकाच दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी बघायचं हे यंत्र. बायकोच्या चष्म्याच्या कागदावरून त्यांनी तिच्या बुबुळांमधलं अंतर काढलं, अठ्ठावन्न मिलिमीटर. यंत्र बरोबर तेवढ्यावर लावून स्क्रू आवळला. दुर्बीण चंद्रावर धरली आणि आम्रपालीबाईंनी डोळे लावले.

"ताकाची वाटी दिसतेय," त्या म्हणाल्या.

आखूड दुर्बिणीची गोम हीच. प्रतिमा नळीच्या बाहेर जेमतेम दोन बोटं येते, आणि या यंत्राच्या पोटातच प्रकाशाची चार इंच वाट खर्च होते. मित्र रावसाहेब म्हणाले, "पुढे एक बार्लो भिंग लाव की, प्रतिमा आपोआप बाहेर सरकेल. मिनिटाचं काम." दिगंबररावांना ते ठिगळ वाटलं. दुसरा उपाय म्हणजे तळाचा आरसाच चार इंच वर सरकवायचा. पण मग आतला छोटा आरसा अपुरा पडणार आणि कडेचा उजेड वाया जाणार. किती जाणार, याचं गणित ते चौदा महिने करत बसले. बाई विचारायच्या, "झालं का?" हे म्हणायचे, "घाईचं काम नाही ते." एका मंगळवारी आम्रपालीबाई स्वयंपाकघरात खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

पुढच्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दिगंबरराव वेळेवर जेवायचे. चहा निवला तरी तसाच प्यायचे. त्यांना रडू आलं नाही, आणि आलं नाही याचं वाईटही वाटलं नाही. रावसाहेब तासभर पंख्याखाली बसून जायचे. ते आले काय आणि गेले काय, यांना सारखंच होतं.

पहिल्या स्मृतिदिनी सकाळी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली. लेक पूर्वा खराडीहून आली होती, ती भांडी आवरत होती. दिगंबरराव ड्रिल घेऊन गच्चीवर गेले. का गेले, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. अडीचला त्यांनी दुर्बिणीच्या नळीला पहिलं भोक पाडलं. आरसा वर घेतला, जुळवला, हात पुसले. घड्याळात चार वाजले होते. दीड तासाचं काम होतं. हे त्यांना कळलं, पण लगेच काही झालं नाही.

दिवेलागणीला पूर्वा चहा घेऊन वर आली. माथ्यावर अर्धा चंद्र होता, बायनोव्ह्यूअर लावलेली दुर्बीण त्याच्यावर रोखलेली. तिनं सहज वाकून डोळे लावले आणि बराच वेळ हलली नाही.

"पप्पा, दोन्ही डोळ्यांनी दिसतोय. खड्डेसुद्धा."

"कडेला अंधारी वाटते का?"

"छे, कुठे?"

मग दिगंबरराव वाकले. उजव्या डोळ्यात चंद्र होता, लख्ख. डाव्यात मात्र काळोख. त्यांनी मान इकडे तिकडे केली तेव्हा डाव्यात चंद्र आला आणि उजव्यातला गेला.

"तुमच्या डोळ्यांमधलं अंतर जास्त असेल," पूर्वा म्हणाली. "स्क्रू सैल करून वाढवा ना."

त्यांचा हात स्क्रूवर गेला. अठ्ठावन्नावर आवळलेला तो स्क्रू त्यांनी चिमटीत धरला आणि मग सोडून दिला. या घरातली एवढी एकच वस्तू अजून तिच्या मापाची होती.

"राहू दे," ते म्हणाले. डावा डोळा त्यांना सहज मिटता यायचा, तरी त्यांनी तो तळहातानं झाकला आणि चंद्र बघत राहिले.