फणसाखालची मोजणी

आमचा टेम्पो निघाला तेव्हा आई अंगणातल्या फणसाखाली उभी राहून आम्हाला मोजत होती. मागे लोखंडी कपाट, दोन गाद्या आणि माझी फौजेतली काळी ट्रंक. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, बायको सुनंदा आणि तिच्या मांडीवर दोन्ही कान गच्च दाबून बसलेली आमची सहा वर्षांची गौरी. "सुनंदा, गौरी, तू," आईने बोटं मिटली. "तीन गेली." एवढंच बोलली. धाकटा भाऊ बापू मात्र खिडकीला लटकून म्हणाला, "लोकं पुण्याला जात्यात, दुबईला जात्यात. तू फौजेतनं सुटून सांगलीला चाललास व्हय दादा?"

मला हसू आलं नाही. कराडला गाडी बदलून एसटीने चार तासांचं अंतर, पण सोळा वर्षांच्या नोकरीत जम्मूला जातानाही मला गाव सोडल्यासारखं वाटलं नव्हतं. तेव्हा परत यायची तारीख ठरलेली असायची.

गावाबाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी ही मोजणी सांगायला हवी. आमचं गाव कोयनानगरच्या वर, घाटात. आमच्याकडे जमीन हलते. दरवेळी मोठं काही होतं असं नाही. मांडणीवरच्या ताटल्या खणखणतात, पत्रा थरथरतो, कुत्री ओरडतात आणि संपतं. पण ताटल्या वाजल्या की हातातलं टाकून अंगणात यायचं, फणसाखाली उभं राहायचं आणि आईने नाव घेतलं की "हाय" म्हणायचं, हा घरातला कायदा. सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपात आई नऊ वर्षांची होती. घरातली सगळी बाहेर पळाली आणि प्रत्येकाला वाटलं, धाकटी बहीण दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर आहे. ती कुणाच्याच कडेवर नव्हती. तेव्हापासून आई मोजते. लहानपणी आम्हाला बजावायची, "जेवत असशील तर उष्ट्या हातानं ये, न्हात असशील तर उघडा ये, पर हाकेला ये."

आणि माझी पोरगी हाकेला येत नव्हती.

मी हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आलो तेव्हा गौरीला जेमतेम ओळखत होतो. वर्षाला दोन महिन्यांची रजा, त्यात ती माझ्याकडे पाहायची नाही, कडेवर यायची नाही, बोलायची तर नाहीच. कराडच्या डॉक्टरांनी स्वमग्न म्हणून सांगितलं होतं, ऑटिझम. सुनंदाने ते वाक्य मला फोनवर तीनदा सांगितलं आणि मी तिन्ही वेळा म्हणालो, बापाचा धाक नाही म्हणून असं झालंय. घरी आल्यावर मी धाक सुरू केला. सकाळी सहाला शिट्टी, दात घासायची वेळ, जेवायची वेळ, नाव घेतलं की उभं राहायचं. पलटणीत शंभर जवान माझ्या आवाजावर हलायचे. ही सहा वर्षांची पोर हलत नव्हती. याचा मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटायची.

मग एका दुपारी जेवणं होता होता ताटल्या वाजल्या. सगळे बाहेर आलो. आईने नावं घेतली आणि गौरीपाशी थांबली. मी अंगणातून हाक मारली. मग दारातून मारली. मग घशाच्या शिरा ताणून मारली. शेवटी आत गेलो, तर ती पलंगाखाली भिंतीला चिकटून, कानांवर हात ठेवून डुलत बसली होती. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढली आणि सगळ्यांदेखत मुस्काटात मारली.

ती रडलीसुद्धा नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली.

आई पुढे आली आणि तिने तिला पदराखाली घेतलं. "तुझा आवाज लय मोठा हाय रं," ती म्हणाली. "आमालाबी भ्या वाटतं." सुनंदा संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवं, ह्या बारीला वाचली. पुढल्या बारीला मोठा आला तर?" सांगलीला अशा मुलांची शाळा आहे, थेरपी देणारं सेंटर आहे, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. महिनाभरात टेम्पो ठरला.

सांगलीत मला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर सिक्युरिटीचं काम मिळालं. एका बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या, कंपाउंडात बदामाचं झाड. इथे जमीन हलत नाही, तरी पहिलं वर्षभर शेजारच्या मिक्सरने भांडी थरथरली की सुनंदा आणि मी दोघे दाराकडे धावायचो आणि एकमेकांकडे बघून ओशाळायचो. पावसाळ्यात लोक पुलाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारतात. कोयनेतून किती सोडलं, ते मला विचारतात, जणू चावी माझ्या खिशात आहे! गावाकडे ज्या पाण्याकडे आम्ही कधी वळूनही बघितलं नाही, ते आमच्या मागोमाग सांगलीपर्यंत येतं, हे मात्र बरं वाटतं.

सेंटरमध्ये एक मॅडम पीएचडी करत होत्या. अशा मुलांच्या आयांचा अभ्यास पुष्कळांनी केलाय, वडिलांना कोणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी फॉर्मवर प्रश्न होता, हाक मारल्यावर मूल प्रतिसाद देतं का? मी ठळक अक्षरात लिहिलं, नाही, जिद्दी आहे. मॅडम म्हणाल्या, "कशी हाक मारता, मारून दाखवा की." मी मारली. बाहेरचा शिपाई धावत आला, बाकावरची दोन पोरं रडायला लागली आणि ज्या गौरीसाठी मारली होती ती टेबलाखाली गेली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला एक कोरी वही दिली. रोज लिहायचं: वेळ, हाक कुठून मारली, कोणत्या आवाजात, काय झालं.

हे काम माझ्या ओळखीचं होतं. गार्ड ड्यूटीवर जन्मभर रजिस्टर भरलेलं. मी रेघा मारून रकाने आखले, शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिल्या पंधरा दिवसांत "शेरा" या रकान्यात एकच नोंद होती: आली नाही, आली नाही, आली नाही. मनात म्हणायचो, बघा मॅडम, मी सांगत होतो.

मग कोल्ड स्टोरेजमधल्या आत-बाहेरच्या फेऱ्यांनी माझा घसा बसला. आठवडाभर आवाजच नाही. गौरीला जेवायला बोलवायचं तर तिच्याजवळ जाऊन खाली बसावं लागायचं. मी बसायचो, फरशीवर बोटाने दोनदा टकटक करायचो आणि वाट बघायचो. तिसऱ्या दिवशी तिने तिचा रंगीत चेंडू बाजूला ठेवला, उठली आणि माझ्या मागून ताटापर्यंत आली. मी शेऱ्यात "आली" लिहिलं आणि पेन हातात धरून तसाच बसलो. आठवड्याच्या शेवटी त्या रकान्यात चारदा "आली" होतं. मुक्या बापाच्या हाकेला ती येत होती.

वही मॅडमपुढे ठेवताना मला मान वर करवेना. मी त्यांना ती थप्पड सांगितली. तोवर कुणालाच सांगितली नव्हती. त्या म्हणाल्या, काही मुलांना मोठा आवाज आपल्याला चटका बसावा तसा बसतो. घाबरल्यावर शब्द तर अजूनच कळेनासे होतात. तुमचं बोलावणं ती धुडकावत नव्हती, त्या आवाजापासून जीव वाचवत होती. फौजेत वीस पदकं मिळाली असती तरी त्या वाक्याखाली ती झाकली गेली असती. रिक्षाने घरी येताना मी गौरीला "चुकलं बाळ" म्हणालो, हळू आवाजात. ती खिडकीबाहेर बघत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही.

पण माझा प्रश्न तसाच होता. मी मॅडमना विचारलं, "जमीन हलली तर मी टकटक करत बसू का?" त्या कधी भूकंपात सापडल्या नव्हत्या. त्यांनी मलाच विचारलं, हलायला लागलं की तुमच्या घरात पहिल्यांदा काय होतं? मी म्हणालो, ताटल्या वाजतात. मग त्या म्हणाल्या, हाक तुम्ही कशाला मारता? ताटल्या मारतीलच.

त्यांनी चित्रांची तीन कार्डं काढून दिली: ताटल्या, दार, झाड. दर रविवारी सकाळी सुनंदा मांडणी हलवायची आणि आम्ही दोघं गौरीबरोबर, न ओरडता, दारातून बदामाखाली जायचो. शेजारच्या काकू गच्चीवरून बघायच्या. "भूकंपवाले" हे नाव आम्हाला तिथूनच पडलं. महिनोन्‌महिने तिला हाताला धरून न्यावं लागलं. मग एकेका पावलाने आमचा हात सुटत गेला. पुढे ती एकटी जाऊ लागली आणि झाडाखाली उभी राहून तिने एक गोष्ट स्वतःहून सुरू केली, जी कार्डावर नव्हती. आमच्या दोघांच्या छातीला एकेकदा बोट लावायची. सुनंदा म्हणाली, आईंची मोजणी बघितलीय तिनं.

आता गौरी सोळा वर्षांची आहे. दोन-दोन शब्दांचं बोलते: पाणी दे, गाडी आली, आवाज नको. मला अण्णा म्हणते, बापूची मुलं म्हणतात म्हणून. डोळ्याला डोळा अजून देत नाही, माझ्या शर्टाच्या गुंडीकडे बघून बोलते. मला त्या गुंडीचं काही वाटेनासं झालंय.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आठवडाभर गावी होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. मी मागच्या मोरीत दाढी करत होतो आणि ताटल्या वाजल्या. पत्रा हलला, आरसा खिळ्यावर डुलला. इतक्या वर्षांचं शिक्षण एका क्षणात माझ्या डोक्यातून उडालं. मी साबणाच्या तोंडाने घरात घुसलो आणि "गौरीऽऽ" म्हणून तोच जुना आवाज काढला. या खोलीत, त्या खोलीत, गुडघ्यांवर बसून पलंगाखाली हात घातला. तिथे जुन्या चपला होत्या.

बाहेर आईची मोजणी चालू झाली होती. आता थकलेला, बारीक आवाज. "बापू?" "हाय." "सुनंदा?" "हाय." पुढे बापूची बायको, पोरं. "गौरी?" मी पलंगाखालून हात काढला. "हाय." मग आईने माझं नाव घेतलं. मी अजून पलंगापाशी गुडघ्यांवरच होतो, "हाय" म्हणायचं राहून गेलं. आणि बाहेरून सपाट, चढउतार नसलेला, माझ्या ओळखीचा आवाज आला.

"अण्णा न्हाई."

आणि परत, जरा मोठ्याने, "अण्णा न्हाई!"

जिला माणसं दिसत नाहीत असं मी वर्षानुवर्षं समजत होतो, तिने दहा माणसांत नेमका मी कमी आहे हे हेरलं होतं. मी उठलो आणि बाहेर आलो. ती फणसाखाली, बरोबर तिच्या जागेवर उभी होती, कानांवर हात ठेवून. मी जवळ गेल्यावर तिने एक हात काढला, माझ्या उघड्या छातीला बोट लावलं आणि आईला सांगितलं, "अण्णा हाय." "मोजला गं बाई, मोजला," आई म्हणाली आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. माझ्या गालावरचा साबण वाळून ताणला होता. ते बरं झालं, तोंड लपलं.

बापू अजून विचारतो, आता पोरगी सुधारली, परत कधी येणार? ती सुधारली असं मी म्हणणार नाही, सुधारायला निघालो होतो तो मी. आणि घर कोयनेला की सांगलीला, याचं उत्तर देणं मी सोडून दिलंय. फणसाखाली किंवा बदामाखाली, जिथे मी कमी पडलो तर ती सांगेल, तिथे मी घरी आहे.

सांगलीला परतल्यावर मी जुनी वही काढली. शेवटची काही पानं कोरी होती. तारीख घातली आणि रकाने भरले. वेळ: सकाळी नऊ. हाक कोणी मारली: गौरीने. कुठून: फणसाखालून. शेरा: वडील आले.