इन्स्पेक्टर फाटकाबाहेर

हेमलताबाई मूळच्या परभणीच्या. नवऱ्याच्या हिंजवडीतल्या नोकरीमुळे भुकूमला आल्या आणि जवळच्याच मुलांच्या सुधारगृहात शिकवू लागल्या. तारेच्या कुंपणात असली म्हणून काय झालं, शाळा ती शाळा, असं त्यांचं म्हणणं. घंटा हवी, प्रार्थना हवी आणि स्नेहसंमेलन तर हवंच! अधीक्षक जनार्दनराव म्हणाले, "करा. पण एक पोरगं जरी बाहेर गेलं, तर उद्यापासून तुमच्या वर्गाला कुलूप." बाई हो म्हणून बसल्या. आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं, ही त्यांची खोडच होती.

नाटक चोर-पोलिसांचं. ताम्हिणीचा किशोर इन्स्पेक्टर. एरवी पुस्तक दिसलं की त्याला जांभई यायची, पण भाड्याची खाकी चढवली, काजळाची मिशी काढली आणि स्वारी आरशासमोरून हलेना.

पहिला प्रवेश झकास रंगला. इन्स्पेक्टरची वेळ झाली आणि बाई विंगेत बघतात, तर इन्स्पेक्टर गायब! त्या धावत फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेल्या.

"कोंडिबा, किशोरला पाहिलंत?"

"किशोर न्हाई बा. इन्स्पेक्टरसायेब आत्ताच बाहेर गेले. म्या सलाम बी ठोकला!"

जन्मभर खाकीला सलाम ठोकणाऱ्या कोंडिबाला वर चेहरा बघायची सवयच नव्हती. संपला आपला वर्ग, असं म्हणत बाई परत आल्या, तर रंगमंचावर वेगळीच धमाल. पकडायला कुणी येईना, म्हणून चोर झालेला भैरू मनानेच गुन्हे कबूल करत सुटला होता. नारळ झाले, कोंबड्या झाल्या, शेवटी गाडी "सायबांच्या कपाटातला खजूर बी म्याच खाल्ला" इथवर आली. पोरं गडाबडा लोळत होती. हसत नव्हते ते फक्त अधीक्षकसाहेब. वर्ग गेल्यात जमा, तरी बाईंनाही हसू आवरेना.

तेवढ्यात किशोर धापा टाकत घुसला आणि त्याने भैरूची गचांडी धरली. टाळ्याच टाळ्या!

पडदा पडल्यावर कोंडिबाने येऊन विचारलं, "सायेब, इन्स्पेक्टरसायेब परत आलेत. जेवून जाणार का?"

जनार्दनरावांनी वर्गाला लावायचं कुलूप खिशातून बाहेर काढलं आणि किशोरकडे पाहिलं. "बाहेर गेला होतास?"

"व्हय."

"मग पळाला का नाहीस?"

"पळालोच व्हतो, सायेब. पर टपरीवाला म्हणला, बसा सायेब. फडक्यानं बाकडं पुसलं. आजवर मला कुणी बसा म्हणलं न्हाई, ऊठ म्हणत्यात." किशोरने मिशी पुसली, ती गालभर पसरली. "पोलीस व्हायला किती शाळा लागती?"

"बारावी," बाई पटकन म्हणाल्या.

"लई हाय." तो जरा घुटमळला. "सायेब, वर्ग बंद करू नका. निदान माजी बारावी हुस्तोवर तरी."

साहेबांनी हातातलं कुलूप परत खिशात टाकलं. बाईंना रडू येत होतं, पण त्या काळ्या गालाकडे बघून त्या इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं.