सीडीवर घातलेलं नाव

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. इतक्या वर्षांत तिने माझ्या सगळ्या लबाड्या पकडल्या — ही एक तिच्या हाती लागली नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

मी डहाणूला हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, राहायला मसोलीत. नव्वदच्या दशकात आमच्याकडे सीडी नवी होती आणि तिच्याविषयीचं एक इंग्रजी पुस्तक मी मिळवून वाचलं होतं. वाचलं म्हणजे — मिरवण्यापुरतं वाचलं. सेकंदाला आवाजाचे चव्वेचाळीस हजार शंभर नमुने, साऱ्या जगात एकच मोजमाप. सुई नाही, प्रकाशाचा किरण वाचतो, मधून सुरू करून कडेपर्यंत. बोटाचा डाग पडला, बारीक ओरखडा गेला, तरी हरवलेले आकडे यंत्र हिशेबाने भरून काढतं. मी हे इतक्यांदा सांगितलं की स्टाफरूममध्ये लोक मला पाहून चहाचा कप उचलून बाहेर जायचे.

वरोरच्या हिराबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या. त्यांची आई लग्नात धवळे गायची — एकेका विधीची गाणी. ती गेली, आणि एका लग्नात भरलेली तिची कॅसेट तेवढी मागे राहिली. आता हिराबाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नातीची पाठवणी आजीच्या आवाजात व्हावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. "मास्तर, टेप घासत चाललीय. माज्या आयचा आवाज हाय, कायतरी करा."

मी केलं. मुंबईत स्टुडिओत काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून सीडी भरून घेतली. त्याने स्वतःकडे काही ठेवलं नाही. कॅसेटची आता गरज नाही, असंही मी सांगून टाकलं, आणि माझ्या शब्दावर हिराबाईंच्या घरातल्यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली.

तेवढ्यावर थांबलो असतो तर? पण आपल्याकडे आहेरात भांडं दिलं की त्यावर नाव घालतात ना! ही सीडीही माझा आहेरच होती. मी ती स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात नेली. जपायची ती खालची चकचकीत बाजू, वरचं नुसतं झाकण — हे मी दुकानदाराला वर्गात सांगावं तसं सांगितलं. "मास्तर, फुटली तर माझ्या नावाने ओरडू नका हां," म्हणत त्याने मशीन लावलं. कडेकडेने गोल, टिंबाटिंबांत, माझं पूर्ण नाव आणि पुढे 'यांजकडून सप्रेम भेट'. नंतर पहिलं गाणं लावून पाहिलं. छान वाजलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात एकेक विधी होत गेला तशी म्हातारी गात गेली. बायका ऐकता ऐकता डोळे पुसत होत्या. पाठवणीची वेळ आली, मुलगी आईच्या गळ्यात पडली, आणि आजीचा आवाज एका अक्षरावर अडकला. तेच अक्षर, पुन्हा पुन्हा. मग काहीच नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सीडी काढून उजेडाला धरली. माझ्या नावाच्या टिंबांतून ऊन आरपार येत होतं. गाणं खालच्या बाजूला नसतंच. खाली असतं ते जाड प्लॅस्टिक. गाण्याचा थर वर, अगदी नाव लिहितात त्याच्या खालोखाल. आणि शेवटचं गाणं कडेला. पुस्तकात ते पान होतं — मी चाळून सोडलं होतं.

खालच्या बाजूवर एक बोट उमटलं होतं. सीडी सांभाळायचं काम हिराबाईंच्या सुनेकडे, सुनंदाकडे होतं. स्वतःच्या लग्नाच्या शालूच्या घडीत तिने ती जपली होती. मी तो डाग सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, "मासळीचा तेलकट हात लागलाय." असले डाग यंत्र सहज पचवतं, हे मीच सांगत फिरत होतो ना? मी घाबरलो होतो, पण आवाज अगदी शांत निघाला. म्हणूनच सगळ्यांना पटलं.

सुनंदाने आपल्या हातांकडे पाहिलं, बस. हिराबाईंनी तिला भर मांडवात सुनावलं, आणि पुढे मरेपर्यंत सुनावत राहिल्या — माज्या आयला तू दुसऱ्यांदा मारलंस. माझ्या दारात टोपली टेकवूनही त्या हेच सांगायच्या. मी ऐकायचो आणि बोंबील घ्यायचो. दर खेपेला बोलता आलं असतं. नाही बोललो.

हिराबाई गेल्या. आता टोपली सुनंदा आणते. मासळी निवडते, साफ करून देते, आणि पिशवी माझ्या हातात द्यायच्या आधी दोन्ही हात पदराला नीट पुसते. शेजारच्या दारात पुसत नाही, मी पाहिलंय. ती पिशवी पुढे करते. मी घेतो.