शीमाईचे सोमवार

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल शीमाईचा पहिला शब्द 'शी' असे. पाववाला पोदेर सकाळी गरम पोय टाकून गेला की ती उलटीपालटी करून म्हणे, "शी! भाजल्यान की वाळत घातल्यान?" शेजारच्या लग्नातली नवरी, सरपंचाचं भाषण, देवळाला दिलेला नवा गुलाबी रंग, सगळ्यांना एकच माप. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली, तेव्हा ताठ मानेने पेढे घेऊन तिच्याकडे गेले. तिने पेढा तोंडात टाकला, "शी, पिठूळ आसा," म्हणाली आणि दुसरा उचलला. तिचं खरं नाव डिचोलीच्या आमच्या वाड्यावर कुणाला आठवत नसे.

ती मूळची कोरगावची. लग्न होऊन इकडे आली, नवरा लवकर गेला, आणि मग एकटीच राहिली. तिच्या आणि आमच्या घराच्या मधे एक चिऱ्यांचा गडगा होता, समोर मिनेराच्या, म्हणजे खाणीतल्या लोहखनिजाच्या, ट्रकांचा रस्ता. त्या तांबड्या धुळीची मला अजून किळस येते. वाळत घातलेले कपडे तांबडे, भाताच्या पेजेवर साय धरावी तशी धूळ, खोकला आला तरी तांबडा. माझे वडील त्याच ट्रकांपैकी एक चालवायचे, म्हणून आमच्या घरात तक्रार करायची सोय नव्हती. शीमाई मात्र दारापुढच्या बाल्कांवात बसून प्रत्येक ट्रकाला 'शी' करी. आमच्या वतीनेही करी, असं मी धरून चालले होते.

तिचा मुलगा उमेश म्हापशाला फ्लॅटमध्ये राहायचा. जागांची दलाली करायचा. बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे कुत्रे, म्हणून त्यानेही एक लॅब्राडोर घेतला. नाव ठेवलं रॉकी. पिल्लू होता तोवर कौतुक झालं. वाढल्यावर सोफ्यावर केस पडतात म्हणून सून वैतागली, आणि एका दुपारी उमेशने त्याला जीपमधून आणून शीमाईच्या दारात उतरवलं. "आई, तुला सोबत!" माणसाने स्वतःचा कंटाळा आईला सोबत म्हणून आणून द्यावा, याची मला जी शिसारी आली ती आजही गेलेली नाही.

कुत्र्याचीही आलीच. मी उगाच प्राणिमात्रांवर प्रेम दाखवणार नाही. त्याच्या तोंडातून अखंड लाळ गळे. कानांत गोचिडी, अंगाला ओल्या गोणपाटाचा वास. कुठेही मेलेला बेडूक दिसला की त्यावर आनंदाने लोळून घेई. शीमाई त्याला रॉक्या म्हणे आणि हाक मारण्याआधी 'शी' म्हणे. त्याच्यात एकच गुण होता. अंगणात तो घाण करत नसे. त्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडच्या काजूच्या भाटात न्यावं लागे, आणि तो साखळी अशी ओढी की जणू रथच निघाला.

एका सकाळी त्याने तिला ओढत जवळजवळ ट्रकाखालीच नेलं होतं. करकचून ब्रेक लागले. शीमाई रस्त्यावर पालथी, गुडघे सोललेले, साखळी तरीही हातात. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "गे म्हातारे, तू कुत्र्याक फिरयतंस की कुत्रो तुका?" शीमाईने पडल्यापडल्याच त्याला उत्तर दिलं, "तुझो ट्रक पयलो फिरय, मगे माका शिकय!"

बातमी म्हापशाला पोचली. उमेशचा निरोप आला: पुढल्या महिन्यात एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, येईन आणि कुत्र्याला घाटात सोडून येईन. नीट चालायला लागला असला तरच ठेव.

शीमाई आमच्याकडे आली. "गो बाय, तू शिकलंलस मगे? तुझ्या बुकात ह्येच्यावर काय लिवलाहा?"

मी तालुक्याच्या वाचनालयातून एक मासिक आणलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: कुत्रा ओढू लागला की जागच्या जागी उभं राहायचं. साखळी सैल पडली की लगेच बिस्किट द्यायचं आणि मगच पाऊल उचलायचं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"शी! बिस्किटां खाता तो कुत्रो न्हय, पाव्हणो."

तिने बिस्किटाच्या जागी सुकी सुंगटं आणली. उन्हात वाळवलेली ती बारीक कोळंबी ती पदराच्या गाठीत बांधी. रॉक्याने ओढलं की शीमाई मैलाच्या दगडासारखी रस्त्याकडेला उभी. येणारेजाणारे म्हणत, "माई, हंय बस थांबना!" ती हलत नसे. साखळी सैल झाली की एक सुंगट. त्याची ती चिकट लाळ तिच्या तळहातावर, मग पदराला, मग त्याच हाताने घाम पुसणं. मी तोंड फिरवत असे. पण कुत्रा तिच्या मुठीशी नाक लावून चालायला लागला, हे खरं.

फक्त एक घोळ झाला, आणि तो आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतो. शीमाईचा सोमवार कडक. त्या दिवशी मासळीला हातसुद्धा लावायचा नाही, आंघोळ करून वाड्यावरच्या शंकराच्या देवळात गाभाऱ्यापर्यंत जायचं, मगच पाणी प्यायचं. म्हणजे सोमवारी सुंगटं बंद. त्या दिवशी माझे वडील रॉक्याला पलीकडे नेत आणि धापा टाकत परत येत. आठवडाभर शिकलेलं सगळं त्या एका दिवसात वाहून जाई. मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून.

आणि उमेश आला तो ठरल्याप्रमाणे सोमवारीच. पांढरी पँट, काळा चष्मा. जीपमधून उतरतानाच म्हणाला, "आई, दोर आण. घाटात हॉटेलं आहेत, उष्टंखरकटं खाईल तिथे."

शीमाई आंघोळ करून देवळाला निघाली होती. हातात फुलांचं ताट. तिने जीपकडे बघितलं, मग बाल्कांवात पसरलेल्या त्या लाळगळ्याकडे. ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मी मागोमाग गेले. ती सुंगटांचा डबा उघडत होती.

"माई, आज सोमवार!"

"माका म्हायत नाय?" ती म्हणाली, आणि मूठभर पदरात बांधली.

ती रस्त्याला लागली. मिनेराने भरलेले ट्रक एकामागून एक जात होते. रॉक्या तिच्या मुठीशी, साखळी वेलीसारखी लोंबती. भाटात गेला, आपलं काम केलं, तसाच सावकाश परत आला.

उमेशने टाळ्या वाजवल्या. "आई, हा तर शहाणा झाला! मग मीच नेतो ह्याला परत. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाचाही असा चालत नाही. बघतच राहतील सगळे!"

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. शीमाईने पदराची गाठ कमरेला आत खोचली आणि साखळी त्याच्या हातात दिली. "ने. पयली एक फेरी मारून ये."

"शिकवलंस कसं गं?"

"मायेन," शीमाई म्हणाली. मी फुलांच्या ताटाकडे बघत राहिले.

रस्ता रिकामा होता, हे बरं. रॉक्याने उमेशची मूठ हुंगली, काही नाही. दुसरी हुंगली, तिथेही काही नाही. मग शेणाच्या ढिगावर एक कावळा बसला होता, तिकडे तो निघाला. उमेशही निघाला, त्याच वेगाने, आणि कडेच्या तांबड्या चिखलाच्या गटारात पोटावर पोचला. रॉक्या मागे वळला आणि प्रेमाने त्याचा कान चाटू लागला.

"ठेव ह्याला तुझ्याकडेच!" उमेश थुंकत म्हणाला. "माणसांत राहायची लायकी नाही ह्याची!" शीमाईने त्याला पाण्याची घागर आणून दिली. चहाही दिला. आई होती शेवटी.

जीप गेल्यावर तिने विहिरीवर जाऊन लुगड्यासकट पुन्हा आंघोळ केली. मी म्हटलं, "आता झाली ना शुद्ध? चल देवळात."

"न्हाल्यान हात शुद्ध जाता गो," ती म्हणाली, "मोडलेलो सोमार शुद्ध जायना."

त्या दिवशी तिने फुलं देवळाच्या पायरीवर ठेवली आणि बाहेरूनच हात जोडले. पुढेही तसंच. सोमवारी ट्रक थांबत नव्हते, आणि आठवड्यात एक दिवस सवय मोडली की उमेशची जीप पुन्हा दारात उभी राहील, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून दर सोमवारी सुंगटं पदरात, आणि दर सोमवारी देव पायरीवरून. पुजाऱ्याच्या बायकोने विचारलं तर म्हणे, "गुडघे दुखतत." मी शेजारी उभी राहून ऐकत असे.

रॉक्या म्हातारा होऊन मेला. शीमाईने त्याला भाटातल्या काजूखाली पुरायला लावलं, माझ्या वडिलांना खड्डा 'शी, उथळ' म्हणून पुन्हा खणायला लावला, आणि रडली नाही. पुढच्या सोमवारी आंघोळ करून, ताट घेऊन, ती पायऱ्या चढली आणि थेट गाभाऱ्यापर्यंत गेली.

"माईचे गुडघे बरे झाले वाटतं," पुजाऱ्याची बायको मला म्हणाली.

मी म्हटलं, "हो."